खुब्याच्या सांधेरोपणाची वाट पाहताना वेदना आणि हालचाल कशी सांभाळावी

खुब्याचे सांधेरोपण करायचे असे ठरल्यापासून शस्त्रक्रियेचा दिवस उजाडेपर्यंत बहुतेकांचे काही आठवडे आणि अनेकांचे काही महिने जातात. कोणाची साखर आटोक्यात आलेली नसते, कोणाच्या विम्याचा प्रतीक्षाकाळ संपायचा असतो, कोणी सरकारी योजनेच्या मंजुरीसाठी थांबलेले असते, तर कोणाच्या घरी मुलीचे लग्न किंवा भाताची कापणी उरकायची असते. या काळात रुग्णाला सर्वसाधारणपणे दोनच सल्ले मिळतात: आराम करा आणि दुखले की गोळी घ्या. दोन्ही अपुरे आहेत. झिजलेला सांधा आता पूर्ववत होणार नाही हे खरे. परंतु त्याच्या भोवतीचे स्नायू, पायाचा सरळपणा, मूत्रपिंडे, झोप आणि घराची मांडणी सांभाळणे बरेचसे आपल्या हाती असते. शस्त्रक्रियेच्या आधी ज्याची ताकद आणि हालचाल टिकून असते, तो नंतरही लवकर आणि चांगला चालू लागतो.

आधी दुखणे नेमके कुठले आहे ते ओळखावे. खुब्याच्या सांध्याची वेदना प्रामुख्याने जांघेत जाणवते. तिथून ती मांडीच्या पुढच्या भागात उतरते आणि काही जणांना तर केवळ गुडघ्यात जाणवते, त्यामुळे गुडघ्याचे एक्स-रे काढण्यातच वेळ जातो. कुल्ल्यात सुरू होऊन पोटरी आणि पावलापर्यंत जाणारी कळ, सोबत मुंग्या येणे, हे बहुधा कमरेच्या मणक्याचे काम असते. दोन्ही दुखणी एकाच माणसाला असू शकतात. कोणते दुखणे कशाने वाढते याची आठवडाभर साध्या वहीत नोंद ठेवली, तर शल्यचिकित्सकांना तिचा उपयोग होतो आणि सांधा बदलल्यावर कोणते दुखणे जाईल व कोणते राहील याची कल्पना रुग्णालाही आधीच येते.

काठी कोणत्या हातात धरावी

या सर्व काळात सर्वाधिक आराम देणारी आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी वस्तू म्हणजे काठी. एका पायावर उभे राहिलो की शरीराचा भार त्या खुब्याच्या आतल्या बाजूला कलतो आणि कमरेचा तोल राखण्यासाठी कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू जोराने आवळले जातात. शरीराचे वजन आणि स्नायूंची ही ओढ मिळून त्या सांध्यावर वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट दाब येतो. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला पावणेदोनशे किलोंहून अधिक. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरली, तर हातावर दिलेला थोडासा भारही लांबून काम करतो, स्नायूंना तितके आवळावे लागत नाही आणि सांध्यावरचा दाब बराच उतरतो. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. रस्त्यावर पाहिले तर बरेच लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, त्या बाजूला झुकून चालतात आणि काठीचा काही उपयोग नाही असे म्हणून ती कोपऱ्यात ठेवून देतात.

काठीची उंची मोजण्यासाठी नेहमीची चप्पल किंवा बूट घालून ताठ उभे राहावे आणि हात सैल सोडावा. मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. काठी टेकल्यावर कोपर किंचित वाकलेले असावे. पाऊल टाकताना काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे जातात, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी वर जातो आणि दुखरा पाय व काठी त्याच्या मागून. उतरताना काठी व दुखरा पाय आधी खाली आणि नंतर चांगला पाय. एका हाताने कठडा धरावा, आणि तो काठीच्या बाजूला असेल तर काठी दुसऱ्या हातात घेण्यास हरकत नाही, कारण जिन्यावर कठडा हाच मोठा आधार आहे. काठीच्या टोकाचे रबर गुळगुळीत झाले की लगेच बदलावे. पावसाळ्यात लादीवर घसरण्यासाठी एवढे एक कारण पुरते. छत्रीचा काठीसारखा वापर मात्र करू नये. तिची मूठ भार घेण्यासाठी नसते आणि टोक सरकते.

दोन्ही खुबे गेलेले असतील तर एका काठीने भागत नाही. कोपराच्या आधाराच्या दोन कुबड्या किंवा वॉकर घ्यावा लागतो. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरण्याचा जो आजार आहे, ज्याला डॉक्टर थोडक्यात एव्हीएन म्हणतात, त्यात दोन्ही बाजू बाधित होणे नेहमीचे आहे. हे रुग्ण पुष्कळदा तिशी-चाळिशीतले असतात. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड आणि मद्य ही त्याची मोठी कारणे आहेत. विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळेही तो होतो. तरुण माणसाला काठी घेण्याचा संकोच अधिक वाटतो हे समजण्यासारखे आहे, पण लंगडत चालण्याने जे लपत नाही ते काठीने उघड होईल अशी भीती बाळगण्यात फारसा अर्थ नाही.

चालण्याचे माप

चालणे बंद करू नये, त्याचे तुकडे पाडावे. सलग अर्धा तास चालून संध्याकाळ अंथरुणात काढण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा पाच-सात मिनिटे चालणे सांध्याला मानवते. साधा नियम असा की चालताना थोडे दुखले तरी चालेल, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणे नेहमीच्या पातळीवर आले पाहिजे. तसे आले नाही तर कालचे माप जास्त होते. दुखणे कमी असलेल्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकण्याचा मोह होतो आणि पुढचे दोन दिवस त्याची भरपाई करावी लागते. बाजार, बँक आणि दवाखाना एकाच सकाळी करू नये. पाण्याने भरलेली बादली, गॅसचे सिलिंडर, दळणाचा डबा ही कामे सरळ दुसऱ्यावर सोपवावीत. सामान न्यायचेच असेल तर ते पाठीवरच्या पिशवीत, आणि हलके.

जमिनीपासून फारकत

आपले घर जमिनीवर चालते, आणि या आजारात सर्वाधिक अडचण तिथेच होते. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, पाटावर जेवणे, विळीवर चिरणे, वाकून केर काढणे या सर्व हालचालींत खुबा खूप वाकतो, काहींत बाहेरही वळतो, आणि झिजलेल्या सांध्याला नेमके हेच जमत नाही. सवय मोडेल म्हणून दुखत असतानाही रोज मांडी घालण्याचा हट्ट काही ज्येष्ठ करतात. त्याने सांधा मोकळा होत नाही, फक्त सुजतो.

बसण्यासाठी हात असलेली, घट्ट बैठकीची खुर्ची निवडावी आणि बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा किंचित वर राहील एवढी तिची उंची असावी. खोल, मऊ सोफा सर्वांत वाईट, कारण त्यातून उठताना सगळा जोर दुखऱ्या सांध्यावर येतो. उठताना आधी खुर्चीच्या कडेशी सरकावे, दुखरा पाय थोडा पुढे ठेवावा आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून उठावे. पलंग बुटका असेल तर त्याच्या पायांखाली खाच असलेले भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या विटा सरकतात. ओटा उंच असल्याने स्वयंपाक उभ्याने होतो, तेव्हा तिथे उंच स्टूल ठेवून पोळ्या लाटणे, भाजी चिरणे ही कामे अर्धवट टेकून करता येतात. रोज लागणारे डबे कमरेच्या आणि खांद्याच्या मधल्या फळीवर आणावेत. पूजा, आरती, श्राद्ध किंवा सत्यनारायण खुर्चीवर बसून करण्याला बहुतेक भटजी आज हरकत घेत नाहीत; हरकत बहुधा आपल्याच मनात असते.

शौचालयाचा प्रश्न याहून निकडीचा आहे. भारतीय पद्धतीचे भांडे असेल तर त्यावर ठेवता येणारी, मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळते, आणि अनेक शहरांत ती भाड्यानेही मिळते. पाश्चात्त्य कमोड बुटका वाटत असेल तर त्यावर बसवायचे उंच आसन मिळते. शेजारच्या भिंतीत स्क्रूने पक्का बसवलेला आडवा दांडा लावून घ्यावा. नळाची तोटी किंवा टॉवेलची दांडी धरून उठणे धोक्याचे आहे, कारण ती माणसाच्या वजनासाठी बसवलेली नसते. मोरीत अंघोळ करताना बुटका पाट काढून रबरी पायांचे उंच प्लास्टिक स्टूल किंवा खुर्ची ठेवावी, अंगावर पाणी घेण्यासाठी बादलीही दुसऱ्या स्टुलावर ठेवावी आणि फरशीवर न सरकणारी जाळीदार चटई टाकावी. दाराला आतून कडी न लावलेली बरी. हा खर्च वाया जात नाही, कारण शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे याच सर्व वस्तू लागतात. घरातली गालिचे आणि पायपुसणीही त्याच हिशेबाने आताच गुंडाळून ठेवावीत.

कपड्यांबाबत एकच नियम लक्षात ठेवावा: घालताना दुखरा पाय आधी, काढताना शेवटी. पलंगावर बसून, वाकावे लागू नये म्हणून लांब दांड्याचा चिमटा किंवा काठीला बांधलेला आकडा वापरून पायजमा वर ओढता येतो. पायाची नखे कापणे हे काम घरातल्या कोणावर तरी सोपवावे. मधुमेह असेल तर ते अधिक काळजीने व्हावे.

पाय वाकडा होऊ देऊ नये

दुखरा खुबा थोडा वाकवून ठेवला की बरे वाटते, म्हणून रुग्ण दिवसभर खुर्चीत बसतो आणि रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपतो. महिन्या-दोन महिन्यांत सांध्याच्या पुढचे स्नायू आखडतात, पाय सरळ होत नाही, उभे राहिल्यावर कमरेला बाक येतो आणि मग कंबरही दुखू लागते. या आखडण्याकडे प्रतीक्षेच्या काळात सर्वाधिक दुर्लक्ष होते, असे मला वाटते. त्यावरचा उपाय फुकट आहे: दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे पालथे झोपावे. पोटावर झोपणे जमत नसेल, श्वासाचा त्रास असेल, तर पलंगाच्या कडेला उताणे झोपून चांगला गुडघा छातीकडे घ्यावा आणि दुखरा पाय गादीवर सरळ सोडावा. गुडघ्याखालची उशी काढून टाकावी. कुशीवर झोपताना चांगली बाजू खाली घ्यावी आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी ठेवावी, म्हणजे दुखरा पाय आत ओढला जात नाही आणि रात्रीची जाग कमी होते.

व्यायाम थोडे आणि रोजचे असावेत. उताणे झोपून गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबून मांडी आवळणे; कुल्ले आवळून पाच आकडे मोजणे; टाच गादीवरून सरकवत गुडघा सोसेल तेवढा वाकवणे; ओट्याला धरून उभे राहून दुखरा पाय सरळ ठेवत बाजूला नेणे. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून दोनदा, एवढे पुरे. शेवटच्या व्यायामात कंबर कलू देऊ नये, नाहीतर ज्या स्नायूसाठी तो करायचा त्याला काम मिळतच नाही. हातांनाही विसरू नये: खुर्चीचे हात दाबून शरीर किंचित वर उचलण्याचा सराव केला की पुढे वॉकर वापरताना खांदे दमत नाहीत. जवळ पोहण्याचा तलाव असेल आणि आत उतरण्यासाठी शिडीऐवजी पायऱ्या असतील, तर छातीएवढ्या पाण्यात चालणे फार सुखाचे असते, कारण पाणी वजनाचा मोठा भाग उचलून धरते. शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टकडून एकदा हे सर्व तपासून घ्यावे आणि वॉकर किंवा कुबडीने चालण्याचा सरावही शस्त्रक्रियेआधीच करावा. टाके ताजे असताना नवी गोष्ट शिकणे अवघड जाते.

गोळ्या, मलम आणि पुड्या

पॅरासिटॅमॉल हे सुरुवातीचे औषध. निरोगी प्रौढासाठी चोवीस तासांत चार ग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते, आणि वजन कमी असेल, वय जास्त असेल, यकृताचा आजार किंवा मद्याची सवय असेल तर ती डॉक्टर आणखी खाली आणतात. अडचण अशी की सर्दीच्या गोळ्यांत आणि ॲसिक्लोफिनॅक असलेल्या अनेक जोड गोळ्यांत पॅरासिटॅमॉल आधीच असते, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा जाते. पाकिटाच्या मागचे बारीक अक्षर वाचावे किंवा औषध दुकानदाराला विचारावे.

डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गटातल्या गोळ्या अधिक आराम देतात, पण त्या पोटात व्रण करू शकतात, रक्तदाब वाढवू शकतात आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतात. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना मूत्रपिंडाचा धोका अधिक. या गटातली एका वेळी एकच गोळी, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरती आणि जेवणानंतर घ्यावी. महिनोन्महिने घ्यावी लागत असेल तर मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्यावे. डांबरासारखा काळा शौच झाला तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ट्रॅमाडॉलसारख्या तीव्र औषधांनी गुंगी आणि बद्धकोष्ठता येते, आणि गुंगीतला रात्रीचा शौचालयाचा फेरा पडण्याला आमंत्रण देतो.

गुडघ्याला लावायचे जेल खुब्याला फारसे लागू पडत नाही, कारण हा सांधा खोल, जाड स्नायूंच्या आत असतो. गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटे ठेवल्याने स्नायूंची आखडण सुटते, विशेषतः सकाळी. जास्त चालणे झाल्यावर काहींना बर्फ बरा वाटतो. सिकलसेलच्या रुग्णांनी मात्र बर्फ टाळावा, कारण थंडीने त्यांच्या वेदनांचा झटका येऊ शकतो. त्वचेची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी पिशवीचा गरमपणा दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावा.

आता गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांविषयी. दोन दिवसांत सगळे सांधे हलके करणारी, वेष्टनावर घटक न लिहिलेली काळी गोळी किंवा पूड संशयास्पद समजावी. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे. त्याने साखर चढते, जंतुसंसर्गाशी लढण्याची शक्ती घटते, आणि ज्या औषधाने खुब्याचे हाड मरू शकते तेच आपण खुब्यासाठी घेत राहतो. अशी पुडी बराच काळ घेतली असेल तर ती अचानक थांबवणेही धोक्याचे असते, म्हणून लाज न बाळगता भूलतज्ज्ञांना सांगावे. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा विचार असेल तर आधी शस्त्रक्रियेची तारीख सांगावी. इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून शल्यचिकित्सक तेवढे अंतर ठेवतात. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःहून बंद करू नयेत. कोणती कधी थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक मिळून ठरवतात.

प्रवास

मोटारीत पुढच्या आसनावर, आसन शक्य तेवढे मागे घेऊन बसावे: आधी पाठ आसनाकडे करून टेकावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. आसनावर प्लास्टिकची पिशवी पसरली की वळणे सोपे जाते. गाडी सुरू होण्याआधी मात्र ती काढावी. रिक्षाचे धक्के खुब्याला सोसत नाहीत, तरी जावेच लागले तर मध्यभागी बसावे आणि चालकाला खड्डे सांभाळून चालवायला सांगावे. मोटारसायकलवर मागे बसण्यासाठी पाय फाकवावा लागतो, तेव्हा ते टाळलेलेच बरे. लांबच्या प्रवासात तासाभराने उभे राहून चार पावले चालावे. रेल्वे स्थानकांवर व्हीलचेअर मागता येते. मोठ्या फलाटावरून तोल सावरत धावण्यापेक्षा ती घ्यावी.

शस्त्रक्रियेसाठी शरीर तयार ठेवणे

वजन कमी केल्याचा फायदा वर सांगितलेल्या हिशेबाने अडीच-तीन पटींनी मिळतो. चालणे कमी झाल्यावर भात, साखर, तळण आणि फरसाण यांचे प्रमाण तेवढे तरी उतरले पाहिजे. मात्र उपाशी राहून स्नायू घटवू नयेत. डाळ, उसळ, दूध, ताक, अंडी किंवा मासे रोजच्या जेवणात हवेत. रक्तातले हिमोग्लोबिन आताच तपासावे, कारण ते कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी हे कळून उपयोग नसतो. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी शल्यचिकित्सक मागतात आणि ती फार वर असेल तर तारीख पुढे ढकलतात. विडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी सुटलेली असावी; मशेरी आणि तंबाखूतही निकोटिन असते आणि ते जखम भरण्यात अडथळा आणते.

किडलेला दात, पायाच्या बोटांमधली चिखल्या-भेग, लघवीची जळजळ, कुठलेही गळू यांचा बंदोबस्त आधी करावा. तिथले जंतू रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घ्यायचा असेल तर शिधापत्रिका आणि आधारवरील नावे जुळतात का हे पाहून योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आपल्या शस्त्रक्रियेचा समावेश आहे का ते विचारावे. खासगी विमा असेल तर सांधेरोपणाच्या प्रतीक्षाकाळाचे कलम वाचावे.

काही लक्षणांत तारखेची वाट पाहू नये. पडल्यावर किंवा अचानक पाय टेकताच न येणे, तापासह खुब्यात असह्य ठणका, एका पोटरीला सूज आणि दुखणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे किंवा जांघांच्या मधला भाग बधिर होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. दाखल होण्याच्या आधीच्या आठवड्यात मांडीवर किंवा कुल्ल्यावर पुरळ, फोड वा खरचटणे दिसले, अथवा सर्दी-ताप आला, तर ते लपवू नये. मिळालेली तारीख हुकेल म्हणून गप्प राहणारे रुग्ण असतात. दूरध्वनी केल्यास शल्यचिकित्सक फार तर काही आठवडे पुढची तारीख देतील, आणि जंतुसंसर्ग झालेला कृत्रिम सांधा काढून पुन्हा बसवायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो.